वेवजीच्या शेडमधला कोबाल्ट

मला घराजवळ, तलासरीपलीकडच्या वेवजी गावी नोकरी लागली याचा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. मुंबईत एम.एस्सी. करून मी दोन वर्षं एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो, आणि पोरगा आता तिकडचाच झाला असं तिने मनाशी धरलं होतं. आमचं घर डहाणूला, खाडीच्या काठाशी. वडील आणि थोरला भाऊ होडीवर जायचे, आई बोंबील सुकवून टोपलीने शेजारच्या मसोली गावाकडे विकायला न्यायची. घरात शिकलेला मी एकटाच, त्यामुळे माझ्या कामाबद्दल कुणी फार खोलात शिरत नसे. आईने एकदाच विचारलं, "तुझ्या कामाला वास कसला येतो?"

"अत्तरासारखा," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली.

ते अगदीच खोटं नव्हतं. मुंबईची एक साबण आणि सुगंधी द्रव्यांची कंपनी होती. एरंडेल तापवून काढलेल्या एका तेलापासून अत्तराच्या कामाचं अल्डिहाइड बनवायचं तिच्या मालकांच्या मनात होतं. त्या तेलाच्या रेणूत कार्बनची लांब साखळी असते आणि साखळीच्या अगदी टोकाला दुहेरी बंध असतो. अशा बंधाच्या पदार्थांना अल्कीन म्हणतात. त्या बंधावर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन वायू एकदम बसवले की अल्डिहाइड तयार होतं. आपोआप काही ते बसत नाहीत, मध्यस्थ म्हणून धातू लागतो. तेव्हा सगळीकडे कोबाल्ट वापरत. पण कोबाल्टला या कामाला लावायचं तर दोनशे वातावरणांइतका दाब लागायचा, आणि कार्बन मोनॉक्साइड तर जीवघेणा विषारी वायू. मुंबईत भर वस्तीत हे करू कोण देणार? मालकांची वेवजीला गवताची एक जुनी वखार होती. तिचा अर्धा भाग पाडून पत्र्याची शेड उभी केली, आणि महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे केमिस्ट म्हणून रुजू झालो. हद्द इतकी जवळ होती की आमचा डिझेलवाला गुजरातीत बोलायचा, गवतवाला मराठीत, आणि दोघांचं भांडण हिंदीत व्हायचं.

शेडमध्ये मुख्य वस्तू एकच, ऑटोक्लेव्ह. जाड पोलादाचं उभट भांडं, वर झाकण, झाकणाला आठ बोल्ट, आणि झाकण-भांड्याच्या मध्ये गॅस बाहेर येऊ नये म्हणून तांब्याचा वॉशर. डिझेल इंजिनाच्या पट्ट्याने ते भांडं सारखं डुलत राहायचं. प्रमुख होते ते परदेशात शिकून आलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते महिन्यातून दोनदा मुंबईहून यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. बाकी शेडवर मी, आणि ऑटोक्लेव्ह सांभाळणारे दादा.

दादा म्हणजे जवळच्याच पाड्यावरचे वारली. वय चाळिशीपुढचं, अंगाने काटक, बोलणं कमी. त्याआधी वीस वर्षं ते जंगलातल्या कूपांवर, म्हणजे लाकूडतोडीसाठी आखून दिलेल्या पट्ट्यांत, कोळशाच्या भट्ट्या लावायचे. सरांनी त्यांना बोल्ट आवळायला आणि डिझेल भरायला घेतलं होतं, पण पहिल्याच महिन्यात मला कळलं की या शेडमध्ये विषारी वायूची खरी ओळख असलेला माणूस हाच. मी त्यांना कार्बन मोनॉक्साइडबद्दल सांगत होतो, वास नाही, रंग नाही, वगैरे. ते ऐकून घेत म्हणाले, "सायेब, तू सांगतोस तो भट्टीचा वारा. भट्टी दबली का तो निघतो. डोकं जड होतं, मग झोप गोड लागते. गोड लागली का उठून चालाया लागायचं. बसायचं नाय."

आमच्या जंगलपट्टीतली माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो. दादा मला सायेबही म्हणायचे आणि तूही म्हणायचे. सरांनाही तूच. सरांना ते आवडत नसे.

दीड वर्ष आम्ही साध्या कोबाल्टवर घालवलं. जांभळट क्षार घालायचा, दाब द्यायचा, तापवायचं, सहा तास डुलवायचं. उघडल्यावर कधी गडद तपकिरी द्रव मिळायचा, कधी दाब कुठे तरी कमी पडून कोबाल्टची काळी पूड भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असायची. मग दादा आणि मी दोन दिवस भांडं घासत बसायचो. चांगल्या दिवशीही निम्मं अल्डिहाइड सरळ साखळीचं आणि निम्मं फाटा फुटलेलं. फाट्याचं अत्तराच्या काही कामाचं नाही, त्याला उग्र, जुन्या तुपासारखा दर्प असायचा.

याच काळात मला एक वेड लागलं. धातूला उघडा सोडायचा नाही, त्याला दुसरं काही तरी बांधायचं, असं माझ्या डोक्यात आलं. निकेलच्या अशाच संयुगांमध्ये फॉस्फरसचे जाडे जाडे रेणू धातूला घट्ट धरून बसतात, हे मी वाचलं होतं. तसेच दोन कोबाल्टला चिकटवले तर तो कमी दाबातही सुटून काळा पडणार नाही. शिवाय जागा अडल्यामुळे तेलाच्या साखळीला धातूवर मधून बसता येणार नाही, टोकानेच बसावं लागेल. मग फाटे फुटणार नाहीत. मी दुपारभर कागदावर आकृत्या काढायचो. दादा डबा खाता खाता बघायचे. त्यांना मी सांगितलं, "दादा, हा मधला धातू. याच्या दोन्ही अंगांना मी दोन लठ्ठ माणसं बसवतोय."

"कशाला?"

"म्हणजे तिसरा येईल तो अंग चोरून येईल."

त्यांनी कागदावरच्या मधल्या धातूवर बोट ठेवलं. "आणि मंग वारा कमी लागेल?"

"निम्मा लागेल."

"मंग बसव," ते म्हणाले.

मी सरांना दोन पत्रं लिहिली. त्यातल्या एकात मी र्‍होडियमबद्दलही लिहिलं होतं. आवर्त सारणीत ते कोबाल्टच्या बरोबर खाली येतं, म्हणजे स्वभाव तोच, पण कदाचित जास्त चपळ; फक्त सोन्यापेक्षाही महाग. सर पुढच्या खेपेला आले तेव्हा हसले. "र्‍होडियम? तुम्ही सोनाराच्या दुकानात नोकरी धरा. कोबाल्टवर काय करायचं ते करा." फॉस्फरसचा पदार्थ मात्र त्यांनी मुंबईहून पाठवला. लसणासारखा त्याचा वास हाताला आठवडाभर राहायचा. त्या रविवारी घरी गेलो तर आई म्हणाली, "अत्तर ना?"

आणि ते जमलं. म्हणजे, अर्धं जमलं. दाब निम्म्यावर आला तरी कोबाल्ट काळा पडेना. सरळ साखळीचं प्रमाण एकदम वाढलं. पण असा बांधलेला कोबाल्ट मंद झाला होता. त्याला जागं करायला उष्णता फार जास्त द्यावी लागायची, पूर्वीपेक्षा पन्नासेक अंशांनी जास्त. एवढ्या उष्णतेत बोल्ट सैल पडतात, तांब्याचा वॉशर कडक होत जातो. कागदावर मी लठ्ठ माणसं बसवत होतो तेव्हा वॉशरचा विचार केला नव्हता.

श्रावणातली गोष्ट. तीन-चार दिवस झड लागलेली. वारा शेडच्या पत्र्यांवर पाऊस आपटत होता आणि आम्ही वार्‍याच्या बाजूच्या बांबूच्या ताट्या लावून घेतल्या होत्या. शनिवारी सर कंपनीच्या दोन डायरेक्टरांना घेऊन येणार होते. गुरुवारी दुपारी दादा म्हणाले, "सायेब, झाकणाशी बारीक बोलतंय."

मी साबणाचं पाणी लावून बघितलं. एका बाजूला बारीक बुडबुडे येत होते. वॉशर बदलायला हवा होता. नवे वॉशर मागवले होते, पण पावसामुळे मुंबईचा माल डहाणू रोडला अडकला होता. त्याच मालात हवेतला विषारी वायू दाखवणारे कागदही होते. आमच्याकडचे संपले होते. मी भांडं थंड करून उघडलं, जुना वॉशर लाल तापवून नरम केला, उलटा बसवला, आणि दादांकडून बोल्ट पुन्हा आवळून घेतले. असं आम्ही आधीही केलं होतं.

"सोमवारी चालवू," दादा म्हणाले. "माल येऊं दे."

"शनिवारी माणसं येतायत, दादा. उद्या एकदाच चालवू."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी सुरू केलं. दुपारी दोनच्या सुमाराला मी शेडपासून पन्नास पावलांवरच्या खोलीत आधीच्या खेपेचं द्रव शुद्ध करत बसलो होतो. पावसाचा एवढा आवाज होता की इंजिनाचा आवाज थांबला हे मला उशिरा कळलं. डिझेल संपलं असेल असं वाटलं. हातातलं काम सोडवेना म्हणून मी आणखी पाच-सात मिनिटं तिथेच बसलो. त्यानंतर शेडच्या दाराशी गेलो.

दादा ऑटोक्लेव्हशेजारच्या गॅस सिलिंडरला टेकून बसल्यासारखे पडले होते. त्यांनी इंजिन बंद केलं होतं, आणि गॅसचा व्हॉल्व्हही फिरवून बंद केला होता. हात अजून व्हॉल्व्हवर होता. झाकणातून सूं असा आवाज येत होता. मी श्वास कोंडून आत गेलो, त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढत चिखलात आणलं. चेहरा निळा नव्हता. गुलाबी होता, ताप आलेल्या लहान मुलासारखा. पाऊस तोंडावर पडत होता तरी डोळे उघडत नव्हते.

गवताचा ट्रक होता म्हणून निभावलं. डहाणूला दवाखान्यात न्यायला अडीच तास लागले. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. शनिवारी पहाटे दादांनी डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत ते विचारलं. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. ती दाराशी जमिनीवर बसून होती. तिने उठून त्यांच्या कपाळाला हात लावला आणि परत जाऊन बसली. मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून रडलो. मला वाटलं, सुटलो.

माझी तार मिळून सर शनिवारी दुपारी दवाखान्यात आले, एकटेच. डायरेक्टरांना त्यांनी परस्पर थांबवलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी एक कागद माझ्यापुढे केला. इंग्रजीत टाइप केलेला होता. कामगार ओल्या फरशीवर पाय घसरून पडला, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला, यंत्रात कोणताही दोष नव्हता.

"सर, हे असं झालं नाही."

"माणूस बरा आहे ना? मग? गॅस गळला असं लिहिलं तर सरकार शेड उद्या बंद करेल. तुमचं हे सगळं काम, हे आकडे, गेले. त्याचीही नोकरी गेली. त्याला दुसरीकडे कोण ठेवणार आहे?"

मी सही केली. सर आत गेले आणि दादांच्या अंगठ्याचा ठसा घेऊन आले.

दादा आठ दिवसांनी कामावर आले. भांडं चालवणं बंद होतं, त्यामुळे साफसफाईच चालली होती. जरा थकलेले दिसायचे, पण बोलायचे पूर्वीसारखेच. "झोप गोड लागली होती, सायेब," एकदा म्हणाले. "चालाया उठलो होतो, पर आधी तो बंद केला." एवढंच. नवे वॉशर आले होते. मी ते फडताळात ठेवले.

तिसर्‍या आठवड्यात एका सकाळी ते आले ते सदर्‍याची बटणं वर-खाली लावून. मी हसलो, तेही हसले. दुसर्‍या दिवशी बोल्टचा पाना हातात धरून ते उभेच राहिले. मी दोनदा हाक मारली. "काय करायचं होतं?" त्यांनी विचारलं. पाना कशासाठी असतो तेच त्यांना आठवत नव्हतं. तिसर्‍या दिवशी ते आलेच नाहीत, म्हणून मी पाड्यावर गेलो. वहिनी म्हणाली, "कामावर जातो म्हणून निघाला तो ओढ्यावर बसलेला घावला. वाट चुकला." ज्या वाटेने तो माणूस जन्मापासून चालत होता ती वाट. त्यानंतर पंधरा दिवसांत पावलं बारीक पडायला लागली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. बोलणं थांबलं. अंथरूण ओलं व्हायला लागलं.

पाड्यावर भगत येऊन गेला. त्याने सांगितलं, शेडच्या जागेला काही तरी आहे. वहिनीने मला ते सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून ऐकलं. डहाणूच्या डॉक्टरांकडे मी स्वतः गेलो. ते म्हातारे होते, सावकाश बोलायचे. म्हणाले, "या गॅसमध्ये असं होतं. माणूस बरा झाला असं वाटतं, दोन-तीन आठवडे जातात, आणि मग मेंदू बसतो. कुणाचा वर्षभरात थोडा सुधारतो. पण तुमच्या कागदावर तर घसरून पडल्याचं लिहिलंय." मी नमस्कार करून बाहेर पडलो.

मी सरांना सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. मग थेट कंपनीला लिहिलं, जे घडलं ते, वॉशरसकट आणि माझ्या हट्टासकट. महिन्याने उत्तर आलं. चार ओळी होत्या, आणि सोबत त्या कागदाची नक्कल, खाली माझी सही. तुमचं आधीचं निवेदन आणि आताचं यात विसंगती आहे, असं लिहिलं होतं. त्याच हिवाळ्यात शेड बंद करायचं ठरलं. ऑटोक्लेव्ह उचलून न्यायला क्रेन आली. ती आली तेव्हा मी राजीनामा देऊन डहाणूला शाळेत शिकवायला लागलो होतो. माझ्या वह्या सरांनी मागवून घेतल्या. मी दिल्या.

दर रविवारी मी वेवजीला जायचो. एसटीने तलासरीपर्यंत आणि पुढे पायी. दादा पडवीत बसलेले असत. वर्षभराने थोडं सुधारलं, हाताने भाकरी खायला लागले, स्वतःच्या लहान मुलीला ओळखायला लागले. मला ओळखलं असं कधी वाटलं नाही. दिवाळीनंतर वहिनी गवत कापायला जायची, मग मीच त्यांच्यापाशी बसायचो. शाळेतल्या गोष्टी सांगायचो. ते माझ्या तोंडाकडे बघायचे, मग अंगणाकडे.

आणखी काही वर्षं गेली. मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला गेलो होतो. जुन्या सवयीने कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसलो आणि नवे अंक चाळायला घेतले. एका इंग्रजी नियतकालिकात ते सापडलं. र्‍होडियम, त्याच्याभोवती फॉस्फरसचे तीन जाडे रेणू. अल्कीनवर दोन्ही वायू बसवले होते. साध्या उबेत, जवळजवळ हवेच्याच दाबात, सरळ साखळीचं अल्डिहाइड. पोलादी भांडं नाही, बोल्ट नाहीत. काचेच्या भांड्यातसुद्धा झालं असतं.

ते माझं होतं असं मी म्हणत नाही. माझं एक पत्र होतं, त्यांनी काम केलं होतं. हेवाही वाटला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो होतो की या कामात दाब आणि उष्णता लागतेच, कुठे तरी कुणाचा तरी वॉशर जाणारच. त्या तीन पानांनी तो आधार काढून घेतला. मला शनिवारपर्यंत आकडे हवे होते, बाकी काही नाही.

पुढच्या रविवारी मी वहिनीला सांगितलं. ती अंगणात शेणाने सारवत होती. मी सगळं सांगितलं. दादा 'सोमवारी चालवू' म्हणाले होते ते, मी शुक्रवारी चालवलं ते, इंजिन थांबल्यावर मी बसून राहिलो ते, आणि सही. तिचा हात थांबला नाही. मी संपवलं तेव्हा ती सारवत उंबर्‍यापाशी आली होती.

मग म्हणाली, "इतकी वरसं येतोस, आज सांगतोस?"

"हो."

"का आज?"

ती उठली, हात धुतले. "मला सांगून काय? त्याला सांग." आणि पाण्याचा हंडा घेऊन विहिरीकडे निघून गेली.

मी पडवीत दादांच्या समोर बसलो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. मध्येच त्यांनी माझ्या सदर्‍याचं बटण धरलं आणि ते बोटांत फिरवत बसले. वहिनी परत आली, चुलीवर चहा ठेवला. मला दिला नाही. त्यांना बशीत ओतून पाजला.

त्यानंतरही मी जात राहिलो. ती बोलत नसे, पण यायला नकोही म्हणाली नाही. दोन हिवाळ्यांनंतर दादा न्युमोनियाने गेले. निरोप मला तिसर्‍या दिवशी मिळाला. मुलीला पुढे डहाणूजवळ कोसबाडला बालवाडीत काम मिळालं आणि वहिनी तिच्याकडे राहायला गेली. तिथे मी एकदाच गेलो. मुलीने खुर्ची दिली, वहिनी आतच राहिली. निघताना मुलगी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "आई म्हणते, आता नका येऊ."

मी गेलो नाही.